धूर, तेल आणि फवारा: पनवेल परिसरातील डासनिवारण

पनवेल हे भातखाचरांचे, खाडीचे आणि तळ्यांचे गाव. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे ही तळी तर वस्तीतच आहेत, त्यामुळे डासांना पाण्याची वाण कधीच नव्हती. कोकणात यावर घरगुती उपाय होता तो धुराचा: तिन्हीसांजेला शेणीच्या विस्तवावर कडुनिंबाचा पाला टाकायचा, गोठा आणि ओसरी धुराने भरायची.

धूपनाला शास्त्राचाही आधार होता. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात मशकांचे पाच प्रकार सांगितले आहेत, तर काश्यपसंहितेत धूपकल्पाचा स्वतंत्र अध्याय आहे. या वैद्यकपरंपरेचे एक ठाणे पुढे पनवेलमध्येच उभे राहिले. १८७२ मध्ये कृष्णशास्त्री पुराणिक यांनी येथे धूतपापेश्वर औषधी कारखान्याचा पाया घातला.

धूर वेगळा आणि सुगंधी तेल वेगळे. गवत किंवा पाला वाफेवर ऊर्ध्वपातित करून मिळणाऱ्या तेलाचा महाराष्ट्रातला जुना धंदा खानदेशातला. तेथील डोंगराळ भागात रोशा गवत कापून ओढ्याकाठच्या भट्ट्यांवर तेल काढत. ते मुंबईच्या बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानापर्यंत जाई आणि गुलाबाच्या अत्तरात बेमालूम भेसळीच्या कामी येई. व्यापाऱ्याला त्याचे मोल होते ते वासासाठी. डासांसाठी नाव झाले ते रोशाच्याच कुळातल्या सिट्रोनेलाचे; विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातील लष्करात ते अंगाला लावत.

डीडीटीने हे सारे मागे टाकले. पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये त्याचा कीटकनाशक गुण ओळखला. १९४६ च्या सुमारास डी. के. विश्वनाथन यांनी मुंबई प्रांतातील धारवाड आणि कारवार भागात घरांच्या भिंतींवर त्याची फवारणी करून हिवताप आटोक्यात आणला आणि १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुढे पनवेलजवळच्या रसायनी येथे हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्सच्या कारखान्यात खुद्द डीडीटीच तयार होऊ लागले. औषधी वनस्पतींचा कारखाना गावात आणि डीडीटीचा शेजारी, असा योग क्वचितच जुळतो.

डास मात्र डीडीटीला सरावले. १९६१ च्या सुमारास देशातील हिवतापाचे रुग्ण जेमतेम पन्नास हजारांवर आले होते. १९७६ मध्ये ते सुमारे ६४ लाखांवर गेले. त्यानंतरच वनस्पतींकडे शास्त्रज्ञांचे लक्ष पुन्हा वळले. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्राने १९९३ मध्ये खोबरेलात २ टक्के कडुनिंबाचे तेल मिसळून अंगाला लावल्यास अॅनॉफिलीस डासांपासून १२ तास बचाव होतो, असे दाखवले. १९९४ मध्ये रोशाच्या सोफिया या प्रकाराच्या तेलाची चाचणी झाली. एकेकाळी अत्तरवाल्यांकडे जाणारे गवत असे हिवतापाच्या प्रयोगशाळेत पोचले.

बाजारात ही सगळी 'नैसर्गिक तेले' एकाच फळीवर मांडतात, पण कडुनिंबाचे तेल बी दाबून काढलेले, जड. सिट्रोनेला उडून जाणारे. ज्या उडण्यामुळे त्याचा वास डासाला दूर ठेवतो, त्याच उडण्यामुळे तास-दोन तासांत त्याचा असर संपतो. भिंतीवरचे डीडीटी महिनोन् महिने टिके आणि बसलेल्या डासाला मारी. सुगंधी तेल फक्त ज्याच्या अंगाला लावले त्याच्यापुरते काम करते. सिट्रोनेला लवकर उडते म्हणून त्याच्या मिश्रणात व्हॅनिलिन घालतात: त्याने तेल सावकाश उडते आणि बचावाचा वेळ लांबतो.