मेलबर्नचे तीन गोल

दिवाळीच्या सुट्टीत अंगणातले किल्ले बांधून झाले की आमच्या करमाळ्याची पोरे चेंडू घेऊन माळावर पळतात. क्रिकेट तर असतेच; पण २०२२ साली अर्जेंटिनाने विश्वचषक जिंकल्यापासून पाठीवर दहाचा आकडा मिरवणारे मेस्सी गल्लोगल्ली दिसू लागले आहेत. त्यांतल्याच एकाने परवा मला विचारले, "गुरुजी, आपल्यांत असा कुणी झालाच नाही का हो?"

मी म्हटले, "झाला की. नेव्हिल डिसोझा."

पोरगा हसला. त्याला वाटले, गुरुजी थट्टा करताहेत.

त्याचा तरी काय दोष? आमचा मुलूख कुस्तीचा. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवले, हे तालमीतल्या पोराला झोपेतून उठवून विचारले तरी तो सांगेल. पण त्याच हेलसिंकीत भारताच्या फुटबॉल संघावर युगोस्लाव्हियाने दहा गोल चढवले आणि आपण एकच फेडला, ही गोष्ट कोण कशाला लक्षात ठेवील? आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. त्या फजितीनंतर पायांत बूट आले.

नेव्हिलचा जन्म १९३२ चा. घराणे गोव्यातल्या आसगावचे, खेळ मात्र वाढला मुंबईत. धाकटे-थोरले सगळेच चेंडूच्या नादी लागावेत असे ते घर असावे, कारण त्याचा भाऊ डेरेक हाही भारताकडून खेळला. मुंबईच्या फुटबॉलचे ते भरभराटीचे दिवस होते. कूपरेजच्या मैदानावर १८९१ पासून चालत आलेल्या रोव्हर्स करंडकासाठी देशभरचे संघ येत. टाटा, कॅल्टेक्स अशा कंपन्यांचे स्वतःचे संघ होते. नेव्हिल टाटांच्या संघातून पुढे आला. जागा मध्य आघाडीची; म्हणजे साऱ्या संघाने घाम गाळायचा आणि शेवटचा हिशेब त्याने चुकता करायचा.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकसाठी संघ निघाला, तेव्हा त्याचे शिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशाने ते शाळामास्तर होते. (हे लिहिताना माझी छाती थोडी फुगते, ते वाचकांनी सोडून द्यावे.) कर्णधार बंगालचा समर बॅनर्जी. पहिली गाठ हंगेरीशी होती. पण त्यांच्या देशात नुकतीच क्रांती होऊन ती चिरडली गेली होती आणि त्यांचा फुटबॉल संघ आलाच नाही. भारताला पुढची चाल मिळाली.

१ डिसेंबरला समोर यजमान ऑस्ट्रेलिया उभा राहिला. परक्या भूमीवर, त्यांच्याच प्रेक्षकांपुढे नवव्या मिनिटाला नेव्हिलने पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाने बरोबरी केली. तेहतिसाव्या मिनिटाला नेव्हिलने दुसरा केला. पुन्हा बरोबरी! मध्यंतरानंतर, पन्नासाव्या मिनिटाला, त्याचा तिसरा गोल झाला आणि या वेळी मात्र त्याला उत्तर आले नाही. शेवटी किट्टूने चौथा मारून ४-२ असा निकाल लावला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. हा निकाल यजमानांना इतका झोंबला की त्याच महिन्यात सिडनीला पुन्हा एक सामना झाला. तिथे आपण ७-१ ने जिंकलो!

उपांत्य सामन्यात गाठ पडली ती कुणाशी? त्याच युगोस्लाव्हियाशी. चारच वर्षांपूर्वी दहा गोलांचे माप आपल्या पदरात टाकणारा तो संघ. पूर्वार्धात त्यांना एकही गोल करता आला नाही, आणि उत्तरार्ध सुरू होतो न होतो तोच नेव्हिलने गोल केला. भारत पुढे! मला या सगळ्या कहाणीत त्या काही मिनिटांचे मोल तीन गोलांहूनही अधिक वाटते. थोडक्याच वेळात युगोस्लाव्हियाने बरोबरी केली, मग आणखी दोन गोल चढवले, आणि चौथा तर आपल्याच खेळाडूच्या पायाने आपल्या जाळ्यात गेला. ४-१. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० ने हरवले. भारत चौथा आला. नेव्हिलचे गोल चार झाले. त्या स्पर्धेत त्याहून अधिक कुणाचेच नव्हते, बरोबरीला होते ते एक बल्गेरियन आणि एक युगोस्लाव्ह.

म्हणजे जगात सर्वाधिक गोल करणाऱ्यांत नाव आणि गळ्यात पदक मात्र नाही. गोवा त्या वेळी अजून पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. आसगावच्या या पोराने भारतासाठी गोल केल्यावर पाच वर्षांनी त्याचे गाव भारतात आले. १९८० साली, पन्नाशीही न गाठता, नेव्हिल गेला. रोव्हर्स करंडक या शतकाच्या आरंभी बंद पडला. मुंबईतले कंपन्यांचे नामांकित संघही एकेक करून मिटत गेले. महिंद्रांचा २०१० मध्ये.

हे सारे मी त्या पोराला ओट्यावर बसून सांगितले. त्याने एकच विचारले, "मग पदक?"

"नाही मिळाले," मी म्हटले. तो काही न बोलता निघून गेला.

भाऊबिजेच्या सकाळी तोच फराळाचे ताट घेऊन दारात उभा. ताट आमच्या घरात देऊन झाले तरी हलेना.

"काय रे?"

"गुरुजी, तिसरा गोल कितव्या मिनिटाला म्हणालात?"

"पन्नासाव्या."

"आणि पुन्हा फिटला नाही?"

"नाही फिटला."

"हां," म्हणाला, आणि रिकामे ताट काखेत मारून माळाकडे पळाला.