हाडं तीच, शेतं दोन: स्फुरदाची गोष्ट

आजचा एपिसोड स्फुरदावर, म्हणजे फॉस्फरसवर. मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस. पण गावाकडून माती परीक्षणाचा रिपोर्ट आला की तो व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्याकडेच येतो, 'तू इंजिनिअर ना, सांग बघू' म्हणून. त्यात लिहिलेलं असतं 'उपलब्ध स्फुरद'. मला प्रश्न पडला, हा 'उपलब्ध' शब्द कशाला? जमिनीत आहे किंवा नाही, विषय संपला ना?

नाही संपत. त्यासाठी १८४०च्या आसपासच्या इंग्लंडमध्ये जाऊ.

तिथले शेतकरी सलगमच्या पिकाला हाडांचा चुरा घालायचे. हाडांत कॅल्शियम फॉस्फेट असतं. रॉथमस्टेडचा तरुण जमीनदार जॉन बेनेट लॉज याला एका शेजाऱ्याने कोडं घातलं: एका शेतात हाडं सोन्यासारखी लागू पडतात, दुसऱ्या शेतात काहीच उपयोग नाही. असं का?

गोम हाडांत नव्हती, मातीत होती. आम्लधर्मी जमिनीत हाडाचा चुरा हळूहळू विरघळतो. चुनखडीच्या जमिनीत तो तसाच पडून राहतो, आणि मुळं तर फक्त पाण्यात विरघळलेलं स्फुरदच घेतात. हाडांवर गंधकाम्ल टाकून पाहा, असं जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने १८४० मध्ये सुचवलं होतं. लॉजने प्रयोग करून १८४२ मध्ये पेटंट घेतलं आणि सुपरफॉस्फेट बाजारात आणलं. पुढच्याच वर्षी गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञाला सोबत घेऊन त्याने रॉथमस्टेडला शेतीचे प्रयोग सुरू केले. त्यातले काही आजही चालू आहेत.

मग प्रश्न सुटला? अर्धाच. विरघळणारं खत मातीत पडलं की माती त्याला पुन्हा धरून ठेवते. चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम धरतं, आम्लधर्मी जमिनीत लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. सामू साधारण ६ ते ७ असेल तेव्हा ही पकड सगळ्यात सैल. थोडक्यात, डेटा सर्व्हरवर आहे, पण मुळांना अ‍ॅक्सेस नाही.

पण धरलेलं सगळंच बुडीत खात्यात जात नाही. रॉथमस्टेडच्याच एका शेतात १९०१ नंतर स्फुरद देणं थांबवलं. तरी ज्या तुकड्यांना ते आधी मिळालं होतं, तिथे कित्येक दशकांनंतरही बार्लीचं पीक सरस येत राहिलं.

मग मातीला विचारायचं कसं, की यातलं पिकाला देणार किती? १९४५ मध्ये अमेरिकेत ब्रे आणि कुर्ट्झ यांनी सौम्य आम्लाने स्फुरद काढून मोजायची पद्धत दिली. पण चुनखडीच्या मातीत ते आम्ल चुन्यातच खर्ची पडतं आणि आकडा फसवा येतो. म्हणून १९५४ मध्ये ओल्सेन आणि सहकाऱ्यांनी ८.५ सामूचं सोडियम बायकार्बोनेट वापरलं. म्हणजे खायच्या सोड्याचाच प्रकार!

आता आपल्याकडे या. दख्खनची काळी जमीन बऱ्याच ठिकाणी चुनखडीची, तिथे ओल्सेन. कोकणातली जांभ्याची जमीन आम्लधर्मी, लोह-अ‍ॅल्युमिनियमने भरलेली, तिथे ब्रे. म्हणून रिपोर्ट हातात आला की आकड्याआधी दोन गोष्टी बघा: सामू किती आणि पद्धत कोणती. दोन वेगळ्या पद्धतींच्या आकड्यांची थेट तुलना करू नका.

आणखी एक. स्फुरद मातीत जेमतेम काही मिलिमीटर सरकतं. म्हणूनच ते वरून फेकण्यापेक्षा पेरणीच्या वेळी बियाण्याजवळ, थोडं खाली पेरून द्यायला सांगतात. शेणखतानेही मातीची पकड थोडी ढिली होते.

हे सगळं कशासाठी? डीएपीची गोणी महाग आहे. ती ज्या खडकापासून बनते तो आपल्याला बाहेरून आणावा लागतो, आणि तो खडक पुन्हा तयार व्हायला लाखो वर्षं लागतात. रिपोर्टमध्ये स्फुरद 'जास्त' असतानाही सवयीने गोणी ओतली, तर पैसा अक्षरशः मातीत. तेव्हा गावाकडून पुढचा रिपोर्ट आला की नुसता अंगठा दाखवून सोडू नका. उघडा, वाचा आणि घरच्यांना फोन करा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!