औषधजन्य मुखविकार (वऱ्हाड)

घेतलेल्या औषधामुळे लाळ, हिरड्या, दात किंवा तोंडाचे अस्तर यांत होणारे बिघाड. अमरावती-अकोल्याकडे दातांच्या तक्रारीचा दोष आधी खर्र्याला (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाला) जातो, मग पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातील पाण्याला. रोजच्या गोळीचे नाव क्वचितच निघते.

‘तोंडाले कोरड पडते’ ही यांतली सर्वांत सामान्य तक्रार. निरोगी माणसाला दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. ती तोंडातले आम्ल निवळवते, दातांना कॅल्शियम व फॉस्फेट पुरवते. सर्दी-ॲलर्जीवरचे क्लोरफेनिरामीन आणि नैराश्यावरचे ॲमिट्रिप्टिलीन लाळग्रंथींकडे जाणारा मज्जासंदेश अडवतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या शरीरातले पाणीच कमी करतात. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांपलीकडे गेला की कोरड उन्हाची की गोळीची, हे डॉक्टरलाही चटकन सांगता येत नाही. ती पावसाळ्यातही टिकली तर गोळ्यांची यादी पाहावी. लाळ आटली की कीड हिरडीलगत, दाताच्या मुळाशी लागते. लाळ सुटावी म्हणून सुपारी चघळणे हा उपाय नव्हे. तिने पुढे तोंडच उघडेनासे होऊ शकते.

हिरड्या वाढवणारे औषध म्हणून फेनिटॉइन प्रसिद्ध आहे. फिट्सवर ते 1938 मध्ये वापरात आले आणि 1939 मध्येच या परिणामाची नोंद झाली. ते घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या हिरड्या कमीअधिक फुगतात. वाढ बहुधा पुढच्या दातांच्या फटींतून सुरू होते. रक्तदाबावरच्या ॲम्लोडिपिनने असे होण्याचे प्रमाण बरेच कमी, पण गोळी घरोघरी असल्याने विसरून चालत नाही. दातांवरचा मळ साचला की वाढ बळावते. औषध बदलायचे ते लिहून देणाऱ्यानेच. फिट्सची गोळी मनाने थांबवणे हिरड्यांपेक्षा कितीतरी महाग पडते.

डागांत फरक करावा लागतो. लोहाच्या पातळ औषधाचा काळेपणा वरवरचा असतो, दंतवैद्याकडे निघतो. आठ वर्षांखालील मुलाला दिलेल्या टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचा पिवळा-करडा डाग दातातच मुरतो. पाण्यातील फ्लोराइडच्या डागाशी त्याची गल्लत होते. दम्याच्या स्टिरॉइड पंपानंतर चूळ भरली नाही तर तोंडात पांढरी बुरशी धरते.

दात काढण्यापूर्वी रक्त पातळ करणाऱ्या आणि हाडांच्या ठिसूळपणावरच्या औषधांची माहिती दंतवैद्याला द्यावी लागते. पहिल्यांनी रक्तस्राव लांबतो. दुसऱ्यांपैकी बिस्फॉस्फोनेट गटातील औषधांनी, क्वचित का होईना, जबड्याचे हाड मरते. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अमरावतीत दंत महाविद्यालय. एकीकडची चिठ्ठी दुसरीकडे रुग्णालाच न्यावी लागते, शक्यतो गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांसह.