इंजिन आणि माणसाचा हात

ग्वाल्हेरकरांना विमानांचा घोष नवा नाही. मिराज २००० ही लढाऊ विमाने १९८५ साली महाराजपूरच्या तळावर आली, तेव्हापासून तो आपल्या कानांच्या ओळखीचा झाला आहे. या विमानाला इंजिन एकच. त्याची सारी भिस्त जमिनीवर राबणाऱ्या यंत्रज्ञाच्या हातावर असते.

इंजिनातील काही दोष डोळ्यांना दिसत नाहीत. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर इंडियन एअरलाइन्सचे कॅराव्हेल विमान कोसळले आणि ९५ जण मृत्युमुखी पडले. इंजिनातील एक चकती धातू थकल्यामुळे तडकली होती. परंतु काही दोष माणूस आपल्याच हाताने निर्माण करतो. त्यांची कथा अधिक विचार करावयास लावणारी आहे.

५ मे १९८३ रोजी ईस्टर्न एअर लाइन्स या अमेरिकन कंपनीचे तीन इंजिनांचे ट्रायस्टार विमान १७२ जणांना घेऊन मायामीहून नसाऊस निघाले. वाटेत मधल्या इंजिनाच्या तेलाचा दाब उतरला. वैमानिकांनी ते बंद करून विमान माघारी वळविले. तोच उरलेली दोन्ही इंजिनेही एकापाठोपाठ थांबली. १३,००० फुटांवरून विमान समुद्राकडे उतरू लागले. सुमारे ४,००० फुटांवर मधले इंजिन पुन्हा चालू झाले आणि त्या एकट्याच्या बळावर सर्वजण सुखरूप परतले.

कारण काय निघाले? तेलातील धातूचे कण पकडण्यासाठी प्रत्येक इंजिनात एक चुंबकीय बूच असते. आदल्या रात्री ती बुचे बदलण्यात आली. एरवी ती रबरी कडी बसवूनच हाती येत. त्या रात्री कोठारातून आणलेल्या बुचांना कडी नव्हती. यंत्रज्ञांनी ती तशीच बसविली आणि काम पूर्ण झाल्याची सही केली. तिन्ही इंजिनांतून तेल गळून गेले. इंजिनाच्या रक्षणासाठी केलेली तपासणीच त्याच्या मुळावर आली!

याहून गंभीर गोष्ट अशी की, त्या कंपनीत याच बुचांपायी पूर्वी बारा वेळा असे प्रसंग घडले होते. सूचनापत्रके निघाली होती. परंतु ती वाचणाऱ्यांची सवय मात्र बदलली नव्हती. जेथे डोळ्यांऐवजी सवय पाहू लागते, तेथे सहीला अर्थ उरत नाही.

या प्रकारच्या अनुभवांतून जगाने एक साधा नियम स्वीकारला. लांब पल्ल्याच्या दोन इंजिनी विमानांत दोन्ही इंजिनांवरील एकच काम एकाच माणसाने एकाच वेळी करू नये. माणूस चुकणारच, हे त्यात गृहीत धरले आहे. त्याची चूक मात्र दोन्ही इंजिनांत एकदम शिरू नये, एवढीच काळजी आहे.

विमानविद्येचा इतिहास आपण वैमानिकांच्या नावांनी सांगतो. त्या इतिहासात, कडी जागेवर आहे की नाही हे वाकून पाहणाऱ्या अनामिकालाही स्थान असावयास हवे.