साडेचारशेची सुरक्षितता, पावणेचारशेचा धोका : सेलेरॉन ३००ए ची कथा

#थ्रेड

१/ २४ ऑगस्ट १९९८. इंटेलने एकाच दिवशी दोन प्रोसेसर बाजारात आणले. ४५० मेगाहर्ट्झचा पेन्टियम २, किंमत ६६९ डॉलर. आणि ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए, किंमत १४९ डॉलर. लवकरच हौशी मंडळी दुसऱ्याकडून पहिल्याचा वेग काढू लागली. त्यात सुरक्षित काय होते आणि घातक काय, हे समजून घेणे आजही उपयोगाचे आहे.

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. एप्रिल १९९८ मधील पहिल्या सेलेरॉनमध्ये दुसऱ्या पातळीची कॅश स्मृती नव्हतीच. तो स्वस्त होता, पण मंद ठरला. ही उणीव भरून काढताना ३००ए मध्ये १२८ किलोबाइट कॅश प्रोसेसरच्याच चिपवर, त्याच्याच पूर्ण वेगाने चालणारी दिली गेली. पेन्टियम २ ची ५१२ किलोबाइट कॅश मात्र वेगळ्या चिपवर होती आणि निम्म्या वेगाने चालत असे.

३/ आता गणित. प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा वेग गुणिले गुणक. ६६ × ४.५ = ३००. कमी वेगाच्या चिपवर जास्त वेगाचा शिक्का मारून विकणाऱ्यांना आळा बसावा, म्हणून इंटेलने गुणक कुलूपबंद केला होता. बदलता येण्याजोगा उरला तो बसचा वेग. १०० × ४.५ = ४५०.

४/ चिपला हे पेलले कसे? दोन्ही प्रोसेसर ०.२५ मायक्रॉनच्याच प्रक्रियेने घडवलेले होते. वेष्टनावरील आकडा ही नेहमीच चिपच्या क्षमतेची सीमा नसते. बाजारात कोणत्या दराचा माल हवा आहे, यावरही तो ठरतो. तरीही प्रत्येक ३००ए साडेचारशेपर्यंत पोहोचत नसे, हे ध्यानात ठेवावे.

५/ खरा प्रश्न मदरबोर्डाचा होता. बसचा वेग वाढला की त्यातून विभागून मिळणारे इतर वेगही हलतात. पीसीआय मार्गाचा ठरलेला वेग ३३ मेगाहर्ट्झ. ४४०बीएक्स चिपसेट १०० च्या बससाठीच रचलेला असल्याने तो बसला तिनाने भागून पीसीआयला ३३ च देई. ग्राफिक्स कार्डाचा एजीपी मार्गही ६६ वरच राही. म्हणजे ताण एकट्या प्रोसेसरवर.

६/ स्वस्त मदरबोर्डांवरील ४४०एलएक्स आणि ४४०ईएक्स हे चिपसेट अधिकृतपणे ६६ पुरतेच होते. काही उत्पादकांनी त्यांवर ७५ आणि ८३ चे पर्याय दिले. पण तिथे पीसीआय म्हणजे बसच्या निम्मा. ८३ वर प्रोसेसर जेमतेम पावणेचारशेला पोहोचे, आणि पीसीआय मात्र ४१.५ वर, म्हणजे मर्यादेपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक! काही कार्डे हे सोसत. सर्वांत वाईट शक्यता अशी की प्रोसेसर ठणठणीत राही आणि हार्डडिस्कवर लिहिला जाणारा मजकूर मुकाट्याने बिघडत जाई. दिसायला संयमी असलेली वाढच अधिक घातक होती.

७/ दुसरा धोका उष्णतेचा. वीजखर्च वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. २.० व्होल्टवर दीडपट वेग म्हणजे साधारण दीडपट उष्णता; २.२ व्होल्ट दिले की तीच सुमारे १.८ पट. म्हणून व्होल्टेज शेवटी आणि अगदी थोडेच वाढवावे.

८/ अबिट बीएच६ सारख्या मदरबोर्डवर बस आणि व्होल्टेज दोन्ही बायोसमधूनच बदलता येत, जंपर हलवावे लागत नसत. पण विंडोज सुरू झाले म्हणजे यंत्र स्थिर झाले, असे नव्हे. प्राइम९५ ची ताणचाचणी आधीच ठाऊक असलेली उत्तरे पुन्हा काढायला लावते आणि चूक आढळताच थांबते. ही चाचणी काही तास निर्वेध चालली, तरच त्या वेगावर विश्वास टाकावा.

९/ पुढे २०११ च्या सॅन्डी ब्रिज पिढीत इंटेलने जवळपास सर्व मार्ग एकाच मूळ घड्याळाला जोडले आणि ही वाट बहुतांशी बंद झाली. खुला गुणक फक्त ‘के’ मालिकेत आणि निवडक चिपसेटवर. २०१७ मध्ये एएमडीने रायझनचे गुणक खुले ठेवले. परवडणाऱ्या बी३५० वर ते वाढवता येत, ए३२० वर नाही.

१०/ आजच्या स्वस्त बोर्डावर दुबळा दुवा असतो तो प्रोसेसरला वीज पुरवणारा व्हीआरएम हा भाग. पुष्कळदा त्यावर उष्णताशोषक धातूची पट्टीही नसते. तेव्हा आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत काढावी, गुणक एकेक पायरीने वाढवावा, प्रत्येक पायरीवर तापमान पाहावे, आणि व्हीआरएमवर वारा पोहोचत नसेल तर व्होल्टेजला हात लावू नये. चिप किती सोसेल, हे विचारण्याआधी एक आकडा हलवला की त्याच्यासोबत आणखी काय काय हलते, हे पाहावे. १९९८ मध्ये हे ज्यांनी पाहिले, त्यांना १४९ डॉलरमध्ये साडेचारशे मेगाहर्ट्झ मिळाले आणि त्यांच्या फायलीही शाबूत राहिल्या.

(समाप्त)