चाकणला मुलाखत, मुक्काम मित्राच्या हॉस्टेलवर? 'पॅरासाइट' होण्याआधी हे माहीत हवं

लातूर, नांदेड, बुलडाणा किंवा जळगावहून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडायची, पहाटे पुण्यात उतरायचं, मुलाखत द्यायची आणि रात्रीच्या गाडीने परत निघायचं. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कंपन्यांमध्ये नोकरी किंवा अप्रेंटिसशिप शोधणाऱ्या अनेक मुलामुलींचा हाच बेत असतो. पण कागदपत्रांची तपासणी किंवा मेडिकल दुसऱ्या दिवसावर ढकललं की हा बेत फसतो. लॉजचं भाडं परवडत नाही. मग आठवतो आकुर्डी, निगडी, पिंपरी किंवा आळंदीच्या कॉलेजमध्ये शिकणारा गाववाला मित्र. 'ये की, एका रात्रीचाच तर प्रश्न आहे,' असं तो म्हणतोही.

पण ही रात्र खरंच फुकट असते का? आणि कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये रीतसर राहायची काही सोय आहे का?

बाहेरच्या माणसाला हॉस्टेलची खोली भाड्याने मिळते का?

परदेशात अनेक विद्यापीठं सुट्टीत रिकामी झालेली वसतिगृहं पर्यटकांना देतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या वसतिगृहांत उन्हाळ्यात कुणीही ऑनलाइन बुकिंग करून राहू शकतं. एडिनबरामध्ये ऑगस्टमधल्या महोत्सवाच्या काळात विद्यार्थ्यांच्या खोल्या पाहुण्यांनी भरतात.

आपल्याकडे असं सरसकट होत नाही. हॉस्टेलमधली जागा ही त्या विद्यार्थ्याला त्या वर्षापुरता मिळालेला प्रवेश असतो. ती दुसऱ्याला वापरायला देण्याचा अधिकार त्याला नसतो. शिवाय सत्र परीक्षा, पुरवणी परीक्षा आणि इंटर्नशिप यामुळे इथली हॉस्टेल्स उन्हाळ्यातही पूर्ण रिकामी होत नाहीत.

यात कराचाही मुद्दा आहे. शैक्षणिक संस्थेने स्वतःच्या विद्यार्थ्यांना दिलेल्या निवासावर जीएसटी लागत नाही. जुलै 2024 पासून संस्थेबाहेरच्या हॉस्टेल आणि पीजीलाही सूट मिळाली, पण दोन अटींवर. भाडं माणशी महिना 20,000 रुपयांपर्यंत हवं आणि मुक्काम सलग किमान 90 दिवसांचा हवा. एका रात्रीच्या पाहुण्याला ही सूट लागू नाही. म्हणजे रोजच्या भाड्याने खोल्या द्यायच्या तर कॉलेजला नियम आणि हिशेब हॉटेलसारखे सांभाळावे लागतील. बहुतेक संस्था त्या वाटेला जात नाहीत.

'पॅरासाइट' म्हणजे कोण?

प्रवेश नसताना दुसऱ्याच्या खोलीत राहणाऱ्याला पुण्यातल्या हॉस्टेल्समध्ये 'पॅरासाइट' म्हणतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या वसतिगृहांमुळे हा शब्द बातम्यांमध्येही अनेकदा आला आहे. काही जण एका रात्रीसाठी येतात, तर काही स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी महिनोन् महिने राहतात. त्यामागचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, बाहेर राहणं परवडत नाही.

अडचण अशी की पकडलं गेल्यावर पाहुणा बॅग उचलून निघून जातो आणि मित्र अडकतो. दंड, पालकांना फोन किंवा हॉस्टेलचा प्रवेश रद्द होणं, यातलं काहीही त्याच्या वाट्याला येऊ शकतं. आई-वडील गावी शेती करतात आणि मुलगा स्वस्तात हॉस्टेल मिळालं म्हणूनच शहरात शिकतोय, अशा घरासाठी ती जागा जाणं म्हणजे शिक्षणच अडचणीत येणं. एका रात्रीचं लॉजचं भाडं वाचवायला मित्राचं अख्खं वर्ष पणाला लागतं.

प्रश्न सुरक्षेचाही आहे. रात्री आग लागली किंवा कुणाला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं, तर रेक्टरच्या रजिस्टरमध्ये ज्याचं नावच नाही, त्याला कुणी शोधत नाही.

मग रीतसर मार्ग कोणते?

पाहुण्यांची खोली: काही संस्थांमध्ये पालक, परीक्षक आणि बाहेरून येणाऱ्या व्याख्यात्यांसाठी गेस्ट रूम असते. मित्राने रेक्टरकडे आधीच लेखी अर्ज केला, सोबत पाहुण्याचं ओळखपत्र आणि मुलाखतीचं पत्र जोडलं, तर कधी कधी परवानगी मिळते. आयत्या वेळी फोन करून सहसा मिळत नाही.

कार्यक्रमासाठी निवास: टेक फेस्ट, परिषद, क्रीडा स्पर्धा किंवा कार्यशाळेला बाहेरगावाहून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आयोजक हॉस्टेलमध्ये सोय करतात. त्यासाठी कॉलेजचं पत्र आणि नावनोंदणी लागते.

प्रशिक्षणाचं हॉस्टेल: भोसरीच्या केंद्रीय रस्ते परिवहन संस्थेसारख्या प्रशिक्षण संस्थांची स्वतःची हॉस्टेल्स आहेत, पण ती तिथल्या प्रशिक्षणार्थींसाठी. निवड झालेल्या अप्रेंटिसने रुजू होण्याआधी कंपनीच्या एचआरला 'पहिल्या काही दिवसांची राहण्याची सोय आहे का?' असं विचारायला लाजू नये.

शाळेत मुक्काम, ही कल्पना आपल्याकडे जुनीच

शिकायच्या जागेत प्रवाशाने झोपणं या भागाला नवं नाही. आषाढी वारीत तुकोबांची पालखी देहूहून निघाली की आकुर्डीला मुक्कामी येते आणि वारकऱ्यांसाठी महापालिकेच्या शाळा उघडल्या जातात. बाकं बाजूला सारून वर्गात पथाऱ्या पडतात.

जगभर पसरलेल्या युथ हॉस्टेल्सची सुरुवातही शाळेतच झाली. 1909 मध्ये रिचर्ड शिरमान हे जर्मन शिक्षक मुलांना घेऊन पायी सहलीवर असताना वादळी पावसात सापडले आणि त्यांनी एका शाळेत रात्र काढली. सुट्टीत रिकाम्या शाळा प्रवासी मुलांसाठी का उघडू नयेत, हा विचार त्यांना तिथे सुचला. पुढे 1912 मध्ये आल्टेना इथल्या किल्ल्यात पहिलं कायमचं युथ हॉस्टेल उभं राहिलं.

दोन्हीकडे दार संस्थेने स्वतः उघडलं होतं. 'पॅरासाइट'च्या बाबतीत ते चोरून उघडलं जातं, फरक एवढाच.

हॉस्टेल नाही, तर कुठे राहायचं?

आळंदी: इथे धर्मशाळा आणि भक्तनिवास आहेत आणि चाकण जेमतेम बारा-तेरा किलोमीटरवर आहे. चाकणला सकाळी लवकर पोचायचं असेल तर पुणे स्टेशनपेक्षा हे सोयीचं. मात्र ज्येष्ठात पालखी प्रस्थान आणि कार्तिकात संजीवन समाधी सोहळा असताना इथे पाय ठेवायला जागा नसते. काही ठिकाणी एकट्या माणसाला खोली देत नाहीत, त्यामुळे आधी फोन करावा. नियम धर्मस्थळाचे असतात, ते पाळावे लागतात.

पुणे स्टेशनची रिटायरिंग रूम: कन्फर्म किंवा आरएसी तिकीट असेल तर पीएनआर टाकून आयआरसीटीसीवर बुकिंग करता येतं. तिथून मेट्रोने जिल्हा न्यायालय स्टेशनला यायचं आणि गाडी बदलून नाशिक फाटा गाठायचा. मेट्रो चाकणला जात नाही. नाशिक फाट्यापासून पुढचे वीसेक किलोमीटर बस किंवा शेअर गाडीनेच जावं लागतं. नाशिक महामार्गावरचं ट्रॅफिक धरून दीड तास हाताशी ठेवलेला बरा.

कॉट बेसिस: भोसरी, मोशी, चाकण आणि निगडीत महिन्याच्या भाड्याने एक कॉट मिळते. काही मालक रिकामी कॉट दिवसाच्या हिशेबानेही देतात. रुजू झालेल्यांसाठी हा पर्याय चांगला आहे, पण खोलीत किती कॉट आहेत, बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का आणि डिपॉझिट कधी परत मिळणार, हे आधी विचारावं. मुलींनी लेडीज पीजीतच चौकशी करावी आणि पत्ता घरी कळवून ठेवावा.

पैसे देण्याआधी

खोली न बघता क्यूआर कोडवर ॲडव्हान्स पाठवू नये. 'मुलाखतीला येताय तर राहण्याचे पैसे आधी भरा,' असा कंपनीच्या नावाने मेसेज आला तर कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरच्या नंबरवर खात्री करावी. फसवणूक झालीच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी. ओळखपत्र म्हणून मास्क्ड आधार देता येतं. त्यात फक्त शेवटचे चार अंक दिसतात. अंगावर बेतलं तर 112 आहेच.

मित्राची मदत घ्यायची तर खोलीखेरीज दुसरी घ्यावी. तो जवळचा भरवशाचा पीजी सांगू शकतो, मेसमध्ये गेस्ट कूपनवर जेवू घालू शकतो, सकाळी बसमध्ये बसवून देऊ शकतो. यातल्या कशानेही त्याची हॉस्टेलची जागा धोक्यात येत नाही.