आधी सांगणे, मग लिहिणे

खानदेशातील मराठी लेखनाचा इतिहास चाळताना एक गोष्ट आमच्या मनात ठसली. या भूमीतली दोन थोर पुस्तके आधी बोलली गेली. लिहून घेणारे हात मागाहून आले.

पहिले पुस्तक बहिणाबाईंचे. 1880 साली जळगावजवळच्या असोदे गावी जन्मलेल्या या शेतकरी बाईंना अक्षरओळख नव्हती. शेतात, घरात काम करता करता त्या ओव्या रचत. सोपानदेवांनी आणि नात्यातल्या माणसांनी त्या टिपून ठेवल्या. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या आणि 1952 मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी छापली गेली. दुसरे पुस्तक धुळ्याच्या तुरुंगातले. 1932 साली विनोबांनी तिथे कैद्यांपुढे गीतेवर अठरा प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. ऐकणारा नि लिहून घेणारा भेटला नसता तर ही दोन्ही पुस्तके हवेत विरून गेली असती.

मग प्रश्न पडतो, आपल्या प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीच्या मुलाचे बोलणे कोण लिहून घेतो?

हेच साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. तिथल्या वसतिगृहात त्यांनी हस्तलिखित दैनिक चालवले आणि 1928 मध्ये 'विद्यार्थी' मासिक काढले. मुले मोठ्या वर्गांतली होती. पण शिक्षकाने मुलांसाठी रोज स्वतःच्या हाताने लिहावे, ही रीत प्राथमिक शाळेलाही लागू पडते. पुढे याच गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' हे पुस्तक लिहिले, हे आपल्या वाचकांना आठवत असेलच.

1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन होते. मातृभाषेचे नीट शिक्षण हाच साऱ्या शिक्षणाचा पाया, असे या समितीने मांडले. झाकीरसाहेबांनी स्वतः मुलांसाठी उर्दूत गोष्टी लिहिल्या. अब्बूखाँच्या बकरीची गोष्ट आमच्या पिढीतल्या अनेकांनी ऐकली आहे. महाराष्ट्रात 1967 मध्ये बालभारतीची स्थापना झाली, 1971 मध्ये 'किशोर' मासिक आले. वाचायला चांगले मिळू लागले. लिहायला मात्र मुलाला बहुतेक वेळा ठरलेला साचाच मिळत राहिला.

आमचाच अनुभव सांगतो. आम्ही चौथीत असताना 'माझी दिवाळीची सुट्टी' हा निबंध आला. गाईडमधला किल्ला, करंज्या, मामाचा गाव आम्ही जसाच्या तसा उतरवला आणि चांगले गुण मिळवले. त्याच सुट्टीत दादी रोज रात्री केळीच्या बागेत शिरणाऱ्या कोल्ह्याची गोष्ट सांगत असे. कोल्हा दर रात्री नवी लबाडी करी. तिची बोली उर्दू, मधे मधे अहिराणी. त्या गोष्टीतला एक शब्दही आमच्या वहीत उतरला नाही. तो वहीत चालतो, हे आम्हाला कुणी सांगितलेच नव्हते.

खानदेशातल्या मुस्लिम घरांतली भाषा एकसारखी नाही. यावल-रावेरकडच्या तडवी मुलाची बोली वेगळी, धुळ्याच्या मोहल्ल्यातल्या मुलाची वेगळी. उर्दू शाळेतल्या मुलाला मराठी दुसरी भाषा म्हणून भेटते. मराठी शाळेतल्या मुलाला घर आणि फळा यांच्यात रोज ये-जा करावी लागते. अशा मुलाच्या पहिल्याच वाक्यावर लाल शाई उमटली की ते कल्पना करायचे थांबते आणि पाठ करू लागते.

उपाय खर्चिक नाही. पहिली-दुसरीत मुलाने सांगावे, गुरुजींनी किंवा बाईंनी ते फळ्यावर लिहावे आणि मुलाने स्वतःचे वाक्य स्वतः वाचावे. 'अम्मी', 'खाला', 'दादी' हे शब्द जसेच्या तसे राहू द्यावेत. तिसरी-चौथीत गोष्ट अर्ध्यावर सोडून 'पुढे काय झाले असेल?' असे विचारावे. ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्या दिवशी तपासावे. वर्षाअखेरीस वर्गाचे हस्तलिखित काढावे, त्यात प्रत्येक मुलाचे निदान एक पान असावे.

1990 मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून मराठी साहित्यात आपले जगणे उमटावे असे आपण म्हणत आलो आहोत. ते म्हणणे रास्तच आहे. पण लेखक संमेलनाच्या मांडवात तयार होत नाही. तो दुसरीच्या वर्गात, आपली गोष्ट कुणीतरी लिहून घेतली त्या दिवशी घडू लागतो. दादीचा तो कोल्हा आम्ही आज इथे लिहिला, तिला जाऊन पुष्कळ वर्षे झाल्यावर. आपल्या नातवंडांना एवढा उशीर होऊ नये.